बडोद्यात वॉट्सू घेऊन सात महिने झाले, माझा अनुभव

डावा खांदा फ्रोझन, म्हणजे आखडून हलेनासा झालेला, त्यात कंबर, आणि आईच्या आजारपणात दीड वर्ष धड झोप नाही. मालिश करून बघितलं, पण कोणी खांद्याला हात लावला की मी आधीच अंग आखडून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी जास्तच ठणकायचं. शेवटी हाडांच्या डॉक्टरांनीच सांगितलं, पाण्यातले व्यायाम करा आणि जोडीला वॉट्सू, म्हणजे गरम पाण्यात तरंगत ठेवून देतात तो उपचार, घेऊन बघा. मग दांडिया बाजारातून रिक्षानं गोत्रीपर्यंत, आठवड्यातून एकदा.

वॉट्सू म्हणजे वॉटर अधिक शियात्सू, जपानी लोक बोटांनी दाब देतात ते. 1980 च्या सुमारास हॅरोल्ड डल यांनी कॅलिफोर्नियात हार्बिन हॉट स्प्रिंग्ज इथे माणसाला गरम पाण्यात तरंगत ठेवून हे सुरू केलं. पाणी साधारण 35 अंश, म्हणजे आपल्या कातडीइतकंच, त्यामुळे थोड्या वेळानं ते गरमही वाटत नाही आणि गारही. मानेपर्यंत पाण्यात नुसतं उभं राहिलं तरी पायांवर वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो, मग आडवं तरंगताना कंबरेला किती सुटल्यासारखं वाटत असेल बघा.

पहिले दोन वेळा मला जमलंच नाही. गुडघ्यांना फ्लोट बांधलेले, डोकं थेरपिस्टच्या कोपराच्या खोबणीत, आणि ती सारखी म्हणतेय "माथुं ढीलुं मूको बेन", पण मान काही मी सोडेना. तिसऱ्या वेळी सुटली. कान पाण्याखाली, फक्त स्वतःचा श्वास ऐकू येतो, श्वास सोडला की ती आपल्याला जरासं खाली जाऊ देते, घेतला की वर, आणि मग लुगडं विसळावं तसा तो दुखरा हात पाण्यातून हळूहळू ओढत नेते. त्या दिवशी मला रडू फुटलं. आई गेल्यावर तेराव्यापर्यंत डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. ती काही बोलली नाही, तशीच झुलवत राहिली. रात्री दहाला झोपले ते सकाळी सहालाच उठले.

चौथ्या महिन्यात अंबाडा स्वतः बांधला. हे सगळं वॉट्सूमुळेच असं मी म्हणणार नाही, व्यायाम रोज करत होते आणि फ्रोझन शोल्डर कालांतरानंही सुटतो. पण झोप मात्र यानंच आली, ते मी छातीठोक सांगते. कंबर अजून अधूनमधून धरते.

एक गोष्ट मात्र खटकली. उत्तरायणाच्या आठवड्यात हीटर बंद होता, तरी फोन करून सांगितलं नाही, गार पाण्यात उतरवलं, कुडकुडून खांदा परत आठ दिवस धरला आणि पैसेही परत नाहीत. तेव्हापासून कपडे बदलायच्या आधी थर्मामीटर बघते आणि हात बुडवून बघते, तुम्हीही बघा. क्लोरीननं कातडी कोरडी पडते, घरी येऊन खोबरेल लावायचं. जेवून दोन तास तरी होऊ द्यायचे. ताप, उघडी जखम, कानाचं इन्फेक्शन असेल तर जाऊच नका, फिट्स किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आता पंधरा दिवसांतून एकदाच जाते. वहिनींचे गुडघे गेलेत, पण त्यांना पाण्याची भीती वाटते. पोहता यायची गरज नाही, पाणी छातीपर्यंतच असतं हे किती वेळा सांगितलं. येत्या शनिवारी काठावर पाय सोडून नुसत्या बसा म्हटलंय, तेवढ्याला तयार झाल्यात.