शुद्धिपत्र पुरे, की पेपरच मागे घ्यायचा?

खानापूरच्या भातावरचा माझा संशोधन-पेपर छापून आला आणि तिसऱ्या तक्त्यात घोळ सापडला. आकडे हेक्टरी, मथळा एकरी. हेक्टर म्हणजे जवळजवळ अडीच एकर, त्यामुळे भात कागदावर अडीचपट पिकला! निपाणीचे मामा तक्ता बघून म्हणाले, "एवढं पिकत असतं तर आम्ही तंबाखू कशाला लावलो असतो रे?"

अशा चुकीला शुद्धिपत्र पुरतं. त्याला स्वतंत्र डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) मिळतो, मूळ पेपरला ते जोडलं जातं आणि निष्कर्ष शाबूत राहतो. खोट एवढीच, की आधी उतरवून घेतलेली पीडीएफ तशीच फिरत राहते.

निष्कर्षच ढासळला तर पेपर मागे घ्यायचा. तो पुसत नाहीत, 'मागे घेतला' असा शिक्का मारून ठेवतात. चूक प्रामाणिक असली तरी हाच मार्ग. आपल्याकडे मात्र लोकांना लगेच चोरीचा वास येतो.

निम्म्यावर थांबलं की काय होतं? 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा पेपर 1998 चा. तेरापैकी दहा लेखकांनी 2004 मध्ये फक्त अन्वयार्थ मागे घेतला. पूर्ण पेपर मागे घेतला गेला तो थेट 2010 मध्ये.

मी शुद्धिपत्रच पाठवलं.