मेडिकलमध्ये पाठ अडकली अन् 'वेव्हर'च्या नावाखाली सव्वादोन लाख गेले

आर्मी भरतीच्या मेडिकलमध्ये अडकलो तेव्हा एका माणसानं पैसे घेऊन आम्हाले कसं फसवलं, ते लिहू का नको असं खूप दिवस चाललं होतं. घरचे म्हणतात कायले लिहितो, लोक नावं ठेवतील. पण मागच्या महिन्यात आमच्याच गावातल्या एका पोराले अगदी तसाच फोन आला, म्हणून आता सगळं लिहून टाकतो. त्या माणसाचं नाव लिहीत नाही, पोलिसांत तक्रार दिलेली आहे.

मी आर्णी तालुक्यातला, जिल्हा यवतमाळ. घरचं पाच एकर अन् मक्त्याचं तीन एकर वावर, सगळं कोरडवाहू, कापूस आणि तूर. आमच्याकडं बारावी झाली की पोरं दोनच गोष्टींच्या मागं लागतात, पोलीस भरती नाहीतर आर्मी. मी दोन वर्षं पहाटे चारला उठून नागपूर-तुळजापूर हायवेच्या कडेनं पळालो, ट्रक बाजूनं गेला की अंगावर वारा यायचा, तरी पळालो. अग्निवीरचा ऑनलाईन फॉर्म भरला, परीक्षेची फी 250 रुपये. हे 250 लक्षात ठेवा, कारण सरकारनं माझ्याकडून भरतीसाठी घेतलेला पैसा तेवढाच.

लेखी निघाली. मग नागपूरची रॅली. रात्री दोन वाजता लाईनीत उभं केलं, थंडीत बनियनवर, आणि उजाडायच्या आधी पहिली बॅच सुटली. सोळाशे मीटर मी 5 मिनिटं 24 सेकंदात मारलं, साडेपाचच्या आत आलं की पूर्ण 60 मार्क, बीमवर दहा पुलअप्सचे 40. शंभरपैकी शंभर. तिथूनच मायले फोन केला तर ती काही बोललीच नाही, नुसती रडत होती.

मेडिकलमध्ये डॉक्टरनं शर्ट काढायला लावून सरळ उभं केलं, मग दोन्ही हात जोडून पुढं वाकायला सांगितलं. मानेपासून कमरेपर्यंत मणक्यावरून बोट फिरवलं, एकदा नाही तीनदा. विचारलं पाठ दुखते का, मी म्हटलं नाही सर कधीच नाही, आणि ते खरं होतं, मी पन्नास किलोचं खताचं पोतं पाठीवर वाहतो. तो म्हणाला उजवी बाजू थोडी वर दिसते, मणक्याला बाक वाटतो, स्कोलिओसिस. चिठ्ठी दिली, कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलला रिव्ह्यू मेडिकलसाठी, म्हणजे परत एकदा तपासणीसाठी जायचं, पाच दिवसांत हजर व्हायचं, तिथले हाडाचे तज्ज्ञ बघतील. त्यानं शांतपणे समजावून सांगितलं होतं. पण माझ्या कानात फक्त 'अनफिट' हा शब्द घुसला, बाकी काही ऐकूच आलं नाही.

बाहेर चहाच्या टपरीवर मी चिठ्ठी हातात धरून बसलो होतो. माझं वय असं की पुढच्या भरतीले बसताच येणार नव्हतं, हा शेवटचा चान्स. तिथंच तो आला. पन्नाशीचा, केस बारीक, पायात आर्मीचे तपकिरी बूट, गाडीवर स्टिकर. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "काय रे बाळा, पाठ का कान?" आता कळते की जो पोरगा चिठ्ठी घेऊन रडवेला बाहेर येतो त्याचं काहीतरी अडकलेलंच असते, त्यात ओळखायचं काही नाही. पण तेव्हा मले वाटलं हा माणूस आतला आहे.

म्हणाला मी मेडिकल कोअरमधून रिटायर झालो, वीस वर्षं मेडिकल बोर्डाचे कागद माझ्या हातून गेले. मग त्यानं हा शब्द काढला, 'मेडिकल वेव्हर', म्हणजे दोष असला तरी मेडिकलमध्ये दिलेली सूट. मोबाईलवर अमेरिकेच्या सैन्याचा व्हिडिओ दाखवला, त्यात एक पोरगा सांगून राहिला होता की पाठीच्या दुखण्यामुळं त्याले नाकारलं आणि मग वेव्हर मिळून तो भरती झाला. "जगात सगळीकडं आहे हे, आपल्याकडंही आहे पण पब्लिकले सांगत नाहीत. माजी सैनिकाच्या पोराले उंचीत दोन सेंटीमीटर सूट मिळते का नाही? मिळते ना. मग तशीच मेडिकलमध्येही मिळते, फक्त दिल्लीची सही लागते."

उंचीची सूट खरी आहे, ती जाहिरातीतच छापलेली असते. अमेरिकेतलं वेव्हरही खरं आहे, मी नंतर वाचलं, पण तिथं तो अर्ज भरती करणारा माणूसच पुढं पाठवतो आणि त्यांचे डॉक्टर ठरवतात, सही विकत मिळत नाही. दोन खऱ्या गोष्टींच्या मधात त्यानं आपली खोटी गोष्ट बसवली. आपल्याकडं पाठीसाठी वेव्हर नावाचा कागद नाही. आपल्याकडं आहे ते रिव्ह्यू मेडिकल, आणि त्याची चिठ्ठी माझ्या हातातच होती.

दोन दिवसांनी तो आमच्या घरी आला. माझ्या बाबाले म्हणाला, "भाऊ, अग्निवीरले पहिल्या वर्षी महिन्याले 30,000, त्यातले 9,000 फंडात जातात, हातात 21,000. वर्षाचे किती झाले? अडीच लाख. एक वर्षाचा पगार द्या, पोरगं लागून जाईल. नाही लागलं तर रुपयान् रुपया वापस." बाबा त्याले साहेब साहेब करून राहिले होते. मायनं चहात दूध जास्त टाकलं. तो उठताना म्हणाला दहावीची ओरिजनल मार्कशीट, अधिवास, जातीचा दाखला द्या, फाईलले लावावं लागते. दिले आम्ही. पावती नाही, झेरॉक्स पण काढून ठेवली नाही.

आणि मले वेगळं बाजूले घेऊन सांगितलं, "कामठीले जाऊ नको. तू गेला आणि तिथं एकदा पर्मनंट अनफिट लिहिलं की मग दिल्लीही काही करू शकत नाही. फाईल परस्पर होईल, तू घरीच राहा."

सगळ्यात मोठं नुकसान या एका वाक्यानं झालं, पैशापेक्षा मोठं. मी गेलो नाही. पाचवा दिवस घरी बसून काढला. कॅलेंडरवर मायनं त्या तारखेले गोल केला होता आणि मी तिले म्हटलं आता काही गरज नाही, काम झालं.

पैसे कुठून आणले ते सांगतो. पहिले 10,000 'फाईल चार्ज' मायनं बचत गटातून उचलले, ते फोनवरून पाठवले, खातं एका बाईच्या नावाचं होतं, तो म्हणाला माझी मिसेस आहे. बाकीसाठी कापूस विकला. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी कापूस असते त्यांले माहीत आहे, भाव वाढेल म्हणून आम्ही मधल्या खोलीत छतापर्यंत भरून ठेवला होता, दिवाळीपासून आम्ही सगळे पडवीत झोपून राहिलो होतो, त्या कापसानं अंगाले खाज सुटते, माझ्या लहान बहिणीच्या हातावर पुरळ आलेलं. 32 क्विंटल होता. त्या हंगामात हमीभाव 7,521 होता. पण सीसीआयले, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी संस्थेले, माल न्यायचा तर नंबर लावा, ओलावा मोजा, मग खात्यात पैसे यायची वाट पाहा, आणि ह्याले तर तीन दिवसांत पाहिजे होते. मग गावातच खेडा खरेदीवाल्याले 6,800 नं दिला, रोखीनं. म्हणजे नुसत्या भावातच 23,072 रुपये गेले, ते त्या माणसाच्या खिशातही गेले नाहीत, असेच गेले. टेम्पो भरून गेल्यावर बाबा त्या रिकाम्या खोलीत एकटे झाडून राहिले होते. कापसाच्या दोन-चार बोंड्या कोपऱ्यात राहिल्या होत्या, त्या उचलून त्यांनी कोनाड्यात ठेवल्या. त्या अजून तिथंच आहेत.

2,17,600 आले. त्यातले एकदा एक लाख आणि आठ दिवसांनी 1,15,000, दोन्ही वेळा रोख, दोन्ही वेळा यवतमाळ बसस्टँडच्या बाहेर गाडीत. आधीचे 10,000 धरून 2,25,000.

मग मोबाईलवर पीडीएफ आली. वर तीन सिंह, गोल शिक्का, लाल शाईची सही, 'मेडिकल वेव्हर ग्रँटेड', माझं नाव, रोल नंबर, आणि खाली पाठीच्या मणक्याचं लिहिलेलं. तो कागद मी प्रिंट काढून लॅमिनेट केला आणि देवापाशी ठेवला. खाली ईमेल होता तो जीमेलचा. आर्मीच्या भरतीची वेबसाईट शेवटी डॉट एनआयसी डॉट इन असते, तिथूनच मी फॉर्म भरला होता, ॲडमिट कार्ड काढलं होतं, पन्नास वेळा पाहिलेली साईट. तरी तो जीमेल मले खटकला नाही. माणसाले जेव्हा एखादी गोष्ट खरी पाहिजे असते तेव्हा डोळे काम करत नाहीत.

निकालात माझा नंबर नव्हता. फोन केला तर म्हणाला तुझी यादी वेगळी लागते, आणखी 45,000 लागतील, वरच्या साहेबांची बदली झाली, नवीन साहेब आला. तेव्हा पोटात गोळा आला. कागद परत मागायले म्हणून यवतमाळले गेलो, तो आलाच नाही, पण तिथं पुसदकडचं एक पोरगं त्याचीच वाट पाहत बसलं होतं. बोलता बोलता त्यानं मोबाईल काढला. त्याच्याकडं पण तीच पीडीएफ, तोच जावक क्रमांक, तीच तारीख, फक्त नाव अन् रोल नंबर वेगळा. त्या पोराचा प्रॉब्लेम डोळ्याचा होता, कलर व्हिजनचा. आणि त्याच्या सर्टिफिकेटवर पण पाठीचा मणकाच लिहिलेला.

आम्ही दोघं तिथल्या बाकड्यावर बसून राहिलो. कोणीच काही बोललं नाही. त्याच्या बाबांनी म्हैस विकली होती.

त्या माणसाले शेवटचा फोन बाबांनी केला. तर तो उलटा म्हणतो, "पोलिसांत जा खुशाल, 2018 पासून लाच देणाऱ्यालेही शिक्षा आहे, पोराचं पोलीस व्हेरिफिकेशन कायमचं खराब होईल." या एका धमकीवर आम्ही तीन आठवडे गप्प बसलो. शेवटी मामा घेऊन गेला. ठाणेदारांनी नीट ऐकून घेतलं, मले वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले कायदा आहे ते खरं, लाच देणाऱ्यालाही लागतो, पण कोणी जबरदस्तीनं घेतली आणि सात दिवसांत पोलिसांना सांगितलं तर त्यात सूट आहे. आणि हा माणूस तर सरकारी आहे असं कुठंच दिसत नाही, ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. मग विचारलं, "10,000 ऑनलाईन गेले त्याच दिवशी 1930 वर फोन का नाही केला?" ऑनलाईन फसवणूक कळवायचा तो सरकारी नंबर मले माहीतच नव्हता. लवकर कळवलं तर पैसे समोरच्या खात्यात अडवता येतात. आमचे तर कधीच काढून घेतले होते. रोख दिलेल्या 2,15,000 चा तर काहीच पुरावा नाही, खेडा खरेदीवाल्याची चिठ्ठी सोडून. मार्कशीटची दुसरी प्रत अमरावती बोर्डातून काढली, दोन चकरा झाल्या.

ज्यांचं काम झालं म्हणून तो पोरं दाखवायचा, त्यातल्या एकाले मी नंतर शोधून भेटलो. त्याले कानात मळ म्हणून रिव्ह्यूले पाठवलं होतं. त्यानं कान साफ करून घेतला, कामठीले गेला, फिट झाला. आणि या माणसानं त्याच्याकडूनही 80,000 घेतले आणि वर सांगितलं की माझ्यामुळं झालं. त्या पोराले आजही खरंच वाटते की पैशानंच झालं. मी त्याले समजावलं तर तो चिडला. बघा कसं चालते, वीस जणांकडून घ्यायचे, त्यातले काही आपल्या दमावर फिट होतातच, त्यांचे ठेवून घ्यायचे आणि त्यांचंच नाव पुढच्या वीस जणांले सांगायचं. यानं काहीच करायचं नाही.

माझी पाठ मी शेवटी यवतमाळले सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवली. उभं राहून एक्सरे काढला. हाडाच्या डॉक्टर मॅडमनी फिल्म काचेवर लावली, पट्टी घेऊन वरच्या मणक्यावर एक रेघ, खालच्यावर एक रेघ, आणि मधला कोन मोजला. 11 अंश. म्हणाल्या दहाच्या खाली आम्ही त्याला स्कोलिओसिस म्हणतच नाही. आणि हे मोजण्यात दोन डॉक्टरांत चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो, उभं राहण्यातही फरक पडतो. मी विचारलं मॅडम मग कामठीले गेलो असतो तर? त्या बराच वेळ फिल्मकडं बघत होत्या. म्हणाल्या, "ते मी नाही सांगू शकत, तो निर्णय त्यांच्या तज्ज्ञाचा होता. पण तू जायला पाहिजे होतं रे."

कदाचित अनफिटच झालो असतो. पण ते मले कळलं असतं. आता कधीच कळणार नाही, आणि ते रात्री झोपू देत नाही.

आता ते गावातलं पोरगं. त्याचंही मेडिकल अडकलं, गुडघे आत वळतात म्हणून. त्यालेही चिठ्ठी मिळाली, आणि तिसऱ्या दिवशी फोन, आवाज वेगळा पण शब्द तेच, वेव्हर, दिल्लीची सही, कामठीले जाऊ नको. त्याचा बाप बैल विकायले तयार झाला होता. मी रात्री त्यांच्या घरी गेलो, माझी ती लॅमिनेट केलेली पीडीएफ घेऊन, आणि त्यांच्यासमोर ठेवली. चौथ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं मी त्याले घेऊन निघालो, आर्णी ते नागपूर, तिथून कामठी. गेटवरच्या जवानानं चिठ्ठी पाहिली, ॲडमिट कार्ड पाहिलं, आणि आत सोडलं. कोणी एक रुपया मागितला नाही. मी बाहेर रस्त्याच्या पलीकडं झाडाखाली उभा होतो, तो आत जाताना दिसला, हातात फाईल, शर्ट मागून घामानं ओला.

आर्णी, दिग्रस, महागाव, पुसद कडचं कोणी असेल, हातात चिठ्ठी असेल आणि सोबत यायले कोणी नसेल तर मले सांगा, मी सोबत येतो. तिकीट माझं मी काढीन. फक्त चिठ्ठीवरची तारीख जाऊ देऊ नका.