कॅलामाइन लोशन: पोटाच्या खाजेला भारी, पण तळव्याला खाज असेल तर यावर विसंबू नका

राजारामपुरीतल्या एका मेडिकलमधनं आणलं, चिठ्ठी लागत नाही आणि महाग पण नाही. हे साधं गुलाबी कॅलामाइन हं, चेहरा तेलकट दिसू नये म्हणून कॉलेजच्या पोरी लावतात ते नव्हे, घेताना बघून घ्या.

गरोदरपणात मला आठवा महिना लागला आणि पोटाला लई खाज सुटली, स्ट्रेच मार्कवरच बारीक लाल पुरळ, तिथनं मांड्यांवर उतरलं. सासूबाई म्हणायच्या बाळाला जावळ येतंय, आई फोनवर कडुलिंबाचा पाला टाकून अंघोळ कर म्हणायची. स्किनच्या डॉक्टरांनी आधी बेंबीच बघितली. बेंबीच्या भोवती काही नव्हतं, म्हणाले हे पीयूपीपीपी, म्हणजे गरोदरपणातलं खाजरं पुरळ, जास्त करून पहिलटकरणींना शेवटच्या महिन्यांत होतं, बाळाला धोका नाही, डिलिव्हरी झाली की जातं. बेंबीपासनं सुरू होऊन पाण्याचे फोड आले असते तर तो वेगळा आजार, त्याला वेगळी ट्रीटमेंट.

आता लोशनबद्दल. पावडर तळाला बसते आणि वर नुसतं पाणी राहतं, त्यामुळे बाटली चांगली हलवायची, नाहीतर पाणीच लावत बसाल. मी फ्रीजच्या दारात ठेवायची, कापसानं लावलं की सुकता सुकता जे गार वाटतं ना, नाद खुळा! पण ते तासभरच, रात्री परत उठून लावावं लागतं. त्यात झिंक ऑक्साइड असतं, त्यानं कातडी कोरडी पडते आणि ओढल्यासारखी होते, मग मी ते धुऊन वर साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायची. आणि कपडे! डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीला निऱ्यांच्या आतनं सगळी गुलाबी भुकटी, परकर तर विचारूच नका. धुतल्यावर निघतं तसं.

हे वाचणाऱ्या बायकांना एक सांगायचंय. माझ्या गरोदर जावेला अंगावर पुरळ काहीच नव्हतं, नुसती तळहाताला आणि तळपायाला खाज, रात्री जास्त, झोप नाही. ती पण माझीच बाटली घेऊन चोळत बसली होती. तिच्या मॅडमनी लगेच लिव्हरची आणि बाईल अॅसिडची (पित्तातल्या आम्लाची) रक्त तपासणी लावली, ते वाढलेलं निघालं. गरोदरपणातल्या या लिव्हरच्या आजारात पित्त रक्तात साठतं आणि खाज कातडीतनं नाही, आतनं येते, वरनं काय चोळून उपयोग! बाईल अॅसिड १०० च्या वर गेलं तर पोटातच बाळ दगावायचा धोका वाढतो, म्हणून तिची तपासणी परत परत करायचे आणि तारखेच्या आधीच डिलिव्हरी केली. अर्सोडिऑक्सिकोलिक अॅसिडच्या गोळ्या पण होत्या. दोघं ठणठणीत आहेत. पण तसली खाज असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.

अजून एक, दुसऱ्या एका मेडिकलवाल्यानं मला न विचारताच खाजेची ट्यूब पुढं केली होती, पोट दिसत असून! वाचलं तर स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकातच. परत दिली. स्टेरॉइड क्रीम डॉक्टर गरोदरपणात पण देतात, पण कुठलं, किती आणि किती दिवस ते त्यांनी सांगायचं, काउंटरवरच्या पोरानं नव्हे.

लोशनला ५ पैकी साडेतीन. दीड मार्क कोरडेपणाचे आणि परकराचे कापले. घेणार असाल तर छोटी बाटलीच घ्या, मोठीचं झाकण घट्ट बसत नाही आणि पर्समध्ये सगळं गळतं.