मेंदू थांबल्यावर जाणीव उरते का? दोन मतं समोरासमोर

दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा भाचीने हळूच विचारलं, "मामा, आई कुठेतरी असेल का, की संपलंच सगळं?" तिच्यासाठी दोन्ही बाजू मांडतो.

मेंदू थांबला की जाणीव संपते, हे मेंदूचं मत; पुरावा त्याच्या बाजूने भक्कम आहे. भूल दिली की जाणीव जाते, उतरली की परतते. शेवटच्या वर्षी ताईला स्मृतिभ्रंश झाला होता, चहाचा कप हातात तसाच धरून ती मला "तुम्ही कोण?" विचारायची. मेंदू थोडा झिजला तर माणूस इतका झिजतो, मग तो पूर्ण गेल्यावर काय उरणार? आत्मा न मानणाऱ्या प्राचीन चार्वाकांचंही हेच म्हणणं: किण्वातून (दारू आंबवणाऱ्या पदार्थातून) मादकता, तशी देहातून चेतना.

दुसऱ्या बाजूला आहेत मृत्यूच्या दारातून परतलेल्यांचे अनुभव. डॉक्टर सॅम पार्निया यांच्या २०१४ च्या अभ्यासात हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना होत्या. शरीराबाहेर जाऊन वरून पाहिल्याचे दावे तपासायला, फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं रुग्णालयातल्या खोल्यांत उंच फळीवर ठेवली होती. एका रुग्णाला स्वतःवरचे उपचार बरोबर आठवले, पण त्याच्या खोलीत फळीच नव्हती. शिवाय परतलेल्यांपैकी कुणाचाच मेंदू मेलेला नव्हता.

स्पष्टीकरणात मात्र पहिली बाजू अडते. पेशींतल्या विजेतून 'दुखतंय' हे कसं उमटतं, ते कुणालाच सांगता आलेलं नाही. आत्मा मानूनही ते उलगडत नाही.

तपासता येईल तेवढंच धरायचं असेल तर मेंदूचं मत घे. मी तेच धरतो. आईशी मनात बोलत राहायचं असेल तर दुसरं ठेव, फक्त तिचा निरोप आणून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नकोस.