गोव्याच्या पाण्यात सर्फबोर्डचं वॅक्स: ऑक्टोबर ते मे वापरल्यानंतर

ऑनलाइन ‘बोर्ड वॅक्स’ शोधलं की स्की आणि स्नोबोर्डचं वॅक्सही समोर येतं आणि बरेच जण तिथेच फसतात. ते वॅक्स बोर्डच्या तळाला इस्त्रीने वितळवून लावतात, बर्फावर बोर्ड सरसर घसरावा म्हणून. सर्फबोर्डचं वॅक्स वरच्या बाजूला, पाय पडतो तिथे, हाताने घासायचं असतं आणि त्याचं काम नेमकं उलटं: पाय घसरू नये. गुलमर्गची वडी गोव्यात आश्व्याच्या किनाऱ्यावर वापरलीत तर उभं राहायच्या आधीच पाण्यात जाल. दोन्हींत साम्य एवढंच की निवड तापमानावर होते. तिथे बर्फाच्या, इथे पाण्याच्या.

वेष्टनावर कोल्ड, कूल, वॉर्म, ट्रॉपिकल असे प्रकार लिहिलेले असतात. कंपनीगणिक आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण साधारण 24 अंश सेल्सिअसच्या वरच्या पाण्याला ट्रॉपिकल. गोव्याचा समुद्र जानेवारीतही 27 अंशांच्या आसपास असतो आणि मे महिन्यात 30 ला टेकतो. त्यामुळे इथे दुसरा विचारच नको. हरमलला एखादा पाहुणा जाताना उरलेलं कूल किंवा कोल्ड वॅक्स हातात ठेवून गेला, तर फुकट आहे म्हणून लावू नका. थंड पाण्यातही चिकटपणा टिकावा म्हणून ते मुद्दाम मऊ केलेलं असतं. आपल्याकडे त्याचं लोणी होतं आणि निम्मं वॅक्स छातीला लागून घरी येतं.

खरा फरक पडतो तो बेसकोटने, म्हणजे ट्रॉपिकलच्या खाली आधी लावायच्या थराने, आणि नेमका तोच पैसे वाचवायला म्हणून टाळला जातो. बेसकोट ट्रॉपिकलपेक्षाही कडक असतो. त्याचं काम चिकटणं नाही, दाणे उभे करणं. बोर्ड सावलीत, पूर्ण कोरडा आणि हाताला गार लागेल असा हवा. वडीची कड धरून, फारसा जोर न देता, आधी तिरक्या रेघा, मग त्यांना छेदणाऱ्या रेघा, मग लहान लहान गोल. पहिली पाच मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं. मग बोट फिरवलं की साबुदाण्याहून बारीक, टणक खडे लागायला लागतात. तिथे थांबायचं. जोर दिला किंवा बोर्ड तापलेला असला तर दाणे न येता गुळगुळीत थर बसतो. तो खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याला इलाज नाही. 9 फुटी लाँगबोर्डला पहिल्या वेळी साधारण 80 ग्रॅमची वडी जवळजवळ संपते, कारण शेपटीपासून नाकापर्यंत सगळीकडे लावावं लागतं. शॉर्टबोर्डला मागच्या पायाखाली चिकटवलेल्या पॅडपासून छाती टेकते तिथपर्यंत पुरतं. उठताना हात कडा पकडतात तिथेही दोन हात फिरवा, ही जागा हमखास राहते.

त्यावर ट्रॉपिकलचा हलका थर द्यायचा आणि लगेच बादलीभर पाणी ओतायचं, म्हणजे थर बसतो. नंतर दर खेपेला पाण्यात उतरण्याआधी चार-पाच हात पुरे. दाणे दबून चपटे झाले की वॅक्सच्या फणीने तिरक्या रेघा ओढून पृष्ठभाग खरखरीत करा. नवीन वॅक्सचे थर चढवत राहिलात तर बोर्ड नुसता जड होतो, पकड वाढत नाही.

आठ महिन्यांत वॅक्स पाण्यात कधीच बिघडलं नाही. बिघडलं ते किनाऱ्यावर. सकाळी दहानंतर बोर्ड वॅक्सची बाजू वर करून उन्हात ठेवला की दाणे वितळून एकसंध होतात, वर वाळू उडाली की झाला सँडपेपर. तशा बोर्डवर उघड्या अंगाने पालथं पडून पॅडल केलं, म्हणजे हातांनी पाणी मारलं, तर छाती सोलवटते. बोर्ड सावलीत, टॉवेलवर, वॅक्स खाली करून ठेवा. बंद गाडीत वडी ठेवू नका. ती साबणाच्या डबीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवली की हंगामभर आकारात राहते.

वॅक्स काढण्यासाठी बोर्ड पाच-सात मिनिटंच उन्हात ठेवा. जास्त वेळ तापला तर आतला फोम फुगून वरचा थर सुटू शकतो, एपॉक्सी बोर्डला हा धोका अधिक. मऊ झालं की फणीच्या सरळ कडेने खरवडा. उरलेला चिकटा खोबरेल तेलाच्या फडक्याने निघतो, मात्र नंतर भांड्यांच्या साबणाने धुऊन तेलाचा अंशही ठेवू नका, नाहीतर नवा बेसकोट धरत नाही. थिनर आणि पेट्रोल सॉफ्टटॉपच्या, म्हणजे वरून मऊ फोम असलेल्या बोर्डच्या, फोमला खातात. खरवडलेले गोळे पिशवीत घालून घरी न्या. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग ही कासवांची अंडी घालण्याची ठिकाणं आहेत, तिथे मेणाचे तुकडे टाकून जाणं शोभत नाही.

आता जुगाड. म्हापशाच्या बाजारातली मेणबत्ती घासून भागेल का? नाही. नुसतं पॅराफिन कडक आणि निसरडं असतं, त्याला चिकटपणा नाही. घरगुती वॅक्ससाठी मधमाशांचं मेण, राळ आणि खोबरेल तेल अशी कृती सगळीकडे फिरते. पण ती थंड देशातली. खोबरेल तेल साधारण 24 अंशांना गोठतं, म्हणजे आपल्या समुद्रात ते कायम पातळच. त्या प्रमाणाने केलेली वडी इथे हातातच लिबलिबते. करायचंच असेल तर तेल अगदी नावापुरतं, मेण जास्त, आणि भांडं थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यात ठेवून वितळवा. राळ आणि मेण दोन्ही पेट घेतात. इतकं करूनही विकतच्या वडीचे दाणे येत नाहीत. किंमत वगळता हा पर्याय पटला नाही.

सॉफ्टटॉप नवा असेल तर फोमच्या खरखरीतपणावरच भागतं. वर्ष-दीड वर्षाने तो झिजला की तेव्हा ट्रॉपिकल थेट लावा, बेसकोट नको.

जूनमध्ये लाल बावटे लागले की बोर्ड भिंतीला टेकवण्याआधी सगळं वॅक्स काढून टाका. दमट हवेत त्यात अडकलेल्या वाळू-मिठाला कुबट वास सुटतो, आणि पावसाळ्यात खरवडायला ऊन कुठून आणणार? मग हेअर ड्रायर, तोही मंद आणि सतत हलवत.