पोलिश विद्यार्थ्याला पगाराचे इंग्रजी: ब्रिटिश-आयरिश की अमेरिकन?

पोलिश विद्यार्थ्यांची इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या मराठी शिक्षकाला पैशांच्या धड्याआधी एक निवड करावी लागते. आयर्लंड किंवा ब्रिटनमध्ये काम करणाऱ्याला तिथले शब्द द्यावेत, पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरात राहून अमेरिकन कंपनीचे काम करणाऱ्याला अमेरिकन. विद्यार्थ्याचे अजून ठरले नसेल तर ब्रिटिश-आयरिश शब्दांपासूनच सुरुवात करा. आयर्लंडमध्ये पोलिश नागरिकाला परवान्याशिवाय नोकरी करता येते (ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी ती सोय २०२० अखेर संपली), आणि तिथले पगारपत्रक चुकीचे वाचले तर नुकसान थेट खिशाला होते.

रोजचे शब्द चटकन जुळतात. ब्रिटिश ‘पेस्लिप’ (पगारपत्रक), ‘पे राइज’ (पगारवाढ), ‘करंट अकाउंट’ (रोजचे बँक खाते). त्यांनाच अमेरिकन ‘पे स्टब’, ‘रेझ’, ‘चेकिंग अकाउंट’. ‘बिल’ मात्र फसवतो: लंडनच्या हॉटेलात ते जेवणाचे बिल, न्यूयॉर्कमध्ये नोट. जेवणाच्या बिलाला तिथे ‘चेक’ म्हणतात.

खरा फरक कागदपत्रांत आहे. ब्रिटनमध्ये नोकरी सोडताना पी-४५ हा तोवरच्या पगाराचा व कापलेल्या कराचा दाखला मिळतो. तो नव्या मालकाला दिला नाही आणि त्याऐवजीचा माहितीचा फॉर्मही भरला नाही, तर इमर्जन्सी टॅक्स कोड, म्हणजे पुरेशी माहिती नसताना लागणारा तात्पुरता कर-संकेतांक, लागून कर जास्त कापला जाऊ शकतो. आयर्लंडने मात्र पी-४५ आणि पी-६० (वर्षअखेरचा पगार-कराचा दाखला) दोन्ही १ जानेवारी २०१९ पासून बंद केले. तिथे पीपीएस नंबर (कर आणि सरकारी सेवांसाठीचा वैयक्तिक क्रमांक) आणि नोकरीची ऑनलाइन नोंदणी हे शब्द आधी हवेत. अमेरिकन बाजूचे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगार-कराचा फॉर्म) किंवा ४०१-के (निवृत्तीसाठीची बचत योजना) क्राकूव्हमधल्या विद्यार्थ्याच्या काहीच कामाचे नाहीत, कारण त्याचा करार बहुधा पोलिश कायद्याचा आणि पगार झ्वोती या पोलिश चलनात. त्याला ‘बेस पे’, ‘बोनस’, ‘रेझ’, ‘पेड टाइम ऑफ’ (पगारी रजा) एवढे आधी पुरे.

कोणताही संच निवडा, पोलिशमधले जुळे दिसणारे शब्द मात्र आधी सोडवावे लागतात आणि अर्धा तास इथेच खर्च करावा. पोलिश ‘पेन्स्या’ म्हणजे पगार. ब्रिटिश पेस्लिपवर ‘पेन्शन’ दिसले की नवख्याला तो पगारच वाटतो, प्रत्यक्षात ती निवृत्तिवेतनासाठीची कपात असते. निवृत्तिवेतनाला पोलिशमध्ये ‘एमेरितुरा’ म्हणतात. ‘रेंता’ म्हणजे बहुधा अपंगत्वामुळे मिळणारे वेतन, इंग्रजी ‘रेंट’ म्हणजे भाडे. ‘प्रेम्या’ म्हणजे बोनस, तर इंग्रजीत विम्याचा हप्ता ‘प्रीमियम’. ‘प्रोविझ्या’ म्हणजे कमिशन, इंग्रजी ‘प्रोव्हिजन’ (तरतूद) नव्हे.

व्याकरणातही दोन खड्डे आहेत. पोलिशमध्ये पैशांसाठीचा शब्द अनेकवचनी, म्हणून ‘मनी आर’ तोंडी येते. आणि ‘पोझिचिच’ या एकाच क्रियापदात उसने देणे व उसने घेणे दोन्ही येतात, त्यामुळे ‘लेंड’ आणि ‘बॉरो’ यांची अदलाबदल होते. मराठीतही ‘उसने’ एकच आहे, फरक ‘देणे-घेणे’ने पडतो, हीच जोडी दाखवून शिकवले की पटकन उमगते.

‘वेज’ आणि ‘सॅलरी’ला मराठी शिक्षकाजवळ मजुरी आणि पगार ही तयार जोडी आहे. विद्यार्थ्याला मात्र आकड्याने शिकवा. पोलंडमध्ये पगार दरमहा ‘ब्रुत्तो’ सांगतात, म्हणजे कपातीआधीचा. ब्रिटिश जाहिरातीत ‘सॅलरी’ २४,००० पौंड लिहिली असेल तर ती वर्षाची, कपातीआधी महिन्याला २,००० पौंड. ‘वेज’ बहुधा तासाच्या किंवा आठवड्याच्या दराने असते. मासिक आकडा सांगायचा असेल तर पुढे ‘अ मंथ’ जोडायला लावा. मोठे आकडेही तपासा: पोलिश ‘बिल्योन’ म्हणजे एकावर बारा शून्ये, इंग्रजी ‘बिलियन’ म्हणजे नऊ. पोलिशमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम असल्याने १२,५० म्हणजे साडेबारा.

शेवटची काळजी शिक्षकाने स्वतःच्या इंग्रजीची घ्यावी. आपण ‘इन-हँड सॅलरी’ आणि ‘हाइक’ सहज म्हणतो. पोलिश विद्यार्थीही ‘ना रेंके’ म्हणजे हातावर पडणारा पगार म्हणतो, त्यामुळे ‘इन-हँड’ दोघांनाही बरोबर वाटतो. डब्लिनच्या मालकाला मात्र ‘टेक-होम पे’ आणि ‘पे राइज’ अपेक्षित असतात. ‘करंट अकाउंट’ही नीट सांगा: आपल्याकडे ते व्यापाऱ्याचे खाते, तिथे पगार जमा होतो ते रोजचे खाते.