गोल्फचा स्विंग सुधारायचाय? मामांकडं जावा, पण ग्रिप शिकून जावा

बेळगावात गोल्फ म्हटलं की लोकांना अजून २०२२ च्या ऑगस्टमधला बिबट्याच आठवतो. गोल्फ कोर्सात शिरला, आजूबाजूच्या शाळा बंद, शिमोग्याच्या सक्रेबैलू कॅम्पातनं हत्ती मागवले, आणि एवढं करून बाबा सापडला नाहीच. तर बिबट्या सोडून पण इथं गोल्फ आहे की, खेळणारे आहेत, शिकवणारे पण आहेत. त्यातल्या एकांबद्दल लिहितोय, कारण ओळखीच्यातले सारखं विचारतात आणि प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आलाय.

खानापूर रोडला मच्छे सोडून थोडं पुढं गेलं की आत शेतात त्यांची रेंज आहे, म्हणजे बॉल मारायचा सराव करायची जागा. बोर्ड बिर्ड काही नाही. शिकवणाऱ्यांना सगळे मामा म्हणतात, नाव नंबर इथं टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हटलंय, उद्यमबागेत गोल्फ खेळणारा कुणीही पत्ता सांगंल. रेंज म्हणजे लई मोठं काही डोक्यात घेऊन जाऊ नका. पत्र्याची शेड, पाच मॅट, पुढं मोकळं रान, आणि रानात मामांनी जमवलेला माल उभा केलेला, डांबराचं पिंप, ट्रॅक्टरचा टायर, बांबूला बांधलेलं खताचं पोतं, लांब एक जांभळाचं झाड. उजव्या अंगाला दुसऱ्याचं भाताचं शेत. त्या शेतात माझे किती बॉल गेलेत ते त्या शेतकऱ्यालाच माहीत.

मामांच्या आधी मी दुसऱ्या शहरात एकाकडं क्लासला जात होतो. तिथं सगळं व्हिडिओवर. मोबाइलमधल्या ॲपनं डोक्यावरनं एक रेघ, पाठीतनं एक रेघ, खांदे ९० डिग्री फिरले पाहिजेत, कंबर ४५, डावा हात सरळ, उजवं कोपर आत. बघायला भारी वाटतं हो, आपण टीव्हीवर आल्यागत. पण बॉलसमोर उभारलं की डोक्यात ती सगळी यादी सुरू व्हायची आणि यादी संपायच्या आत बॉल उजवीकडं वळून गायब. स्लाइस. पैसे भरून स्लाइस वाढला म्हणायचा.

मामांनी पहिल्या दिवशी क्लब, म्हणजे गोल्फची काठी, हातात घेऊच दिला नाही. एक बॉल दिला आणि म्हणाले, पिंपावर मार बघू, हातानं, खालनं, कडेनं. मारला. लागला नाही पण जवळनं गेला. मग म्हणाले, आता सांग, कंबर किती डिग्री फिरली? मी काय सांगणार. कंबर फिरली होती, वजन पुढच्या पायावर आलं होतं, हात मागनं आला होता, सगळं झालं होतं आणि मी त्यातलं एकपण केलं नव्हतं. सरदार्स मैदानावर टेनिस बॉलचं क्रिकेट खेळताना पॉइंटवरनं डायरेक्ट हिट मारणारा पोरगा कोपराकडं बघतोय का स्टंपकडं, तसंच हे, फक्त आम्ही गोल्फवाले क्लब हातात आला की येडे होतो.

आता त्यांची खरी शिकवायची पद्धत. तुम्ही सात नंबरचं आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब, घेऊन उभारला की एकच प्रश्न, कुठं? मी म्हटलं, त्या पोत्याकडं. "पोतं केवढं आहे बघ की, पोत्यावर कुठं?" पोत्यावर कन्नडमध्ये मोठं काहीतरी छापलंय, उन्हानं अर्धं उडालंय, त्यातल्या दुसऱ्या अक्षराचा खालचा गोल तेवढा अजून निळा दिसतो. मामा म्हणाले त्या गोलात. कन्नड वाचायला येऊ दे नाहीतर नको येऊ दे, गोल तर दिसतोय. आणि खरं सांगतो, पोत्याकडं बघून मारणं आणि त्या निळ्या गोलाकडं बघून मारणं यात फरक पडतो. टार्गेट बारीक झालं की डोकं गप बसतं. नुसतं "तिकडं" म्हटलं की ते परत कोपर शोधायला लागतं.

मग तुम्ही मागं उभं राहून गोल बघायचा, बॉलच्या पुढं दोन-तीन फुटांवर त्याच रेषेत एखादं गवताचं पान नाहीतर खडा धरायचा, क्लबचं तोंड त्या खड्याकडं लावायचं, मान वळवून एकदा परत गोल बघायचा आणि मारायचं, जास्त वेळ उभं राहिलं की मागनं "झोपलास काय?" येतं. तो खडा धरायची युक्ती मामांची नाही, जॅक निक्लॉसची आहे, १८ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा, जिंकलेला माणूस, तो पण बॉलपुढचा असाच एखादा डाग नाहीतर पान धरून उभारायचा. मामांनी हे कधी सांगितलं नाही, मी घरी वाचलं. मामांना विचारलं तर म्हणाले, मग त्यानं बरोबरच केलं.

मला मशिनशॉपमुळं सवय आहे, कारण कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून थोडं खोदून बघितलं. क्लब वरनं खाली बॉलपर्यंत यायला साधारण पाव सेकंद लागतो. आपल्याला एखादी गोष्ट जाणवून तिच्यावर काही करायचं म्हटलं तरी जवळपास तेवढाच वेळ जातो. म्हणजे खाली येताना "कोपर आत घे" हा विचार पोचेपर्यंत बॉल गेलेला असतो. आणि बॉल क्लबला चिकटून असतो तो सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग. त्या तेवढ्यात क्लबचं तोंड कुठं बघतंय त्यावरच बॉल निघायची दिशा मुख्यतः ठरते, आयर्नला अंदाजे ७५ टक्के, ड्रायव्हरला, म्हणजे लांब मारायच्या क्लबला, ८५ च्या आसपास. बॉल पुढं वळतो तो तोंड आणि स्विंगची, म्हणजे क्लब फिरायची, वाट यांच्यातल्या फरकानं. वाट डावीकडं आणि तोंड त्या मानानं उघडं, म्हणजे उजवीकडं, की माझा स्लाइस तयार. आणि त्या तोंडाचं लक्ष टार्गेटकडं हवं, माझं लक्ष कमरेत असून काय उपयोग.

यावर अभ्यास पण झालाय. गॅब्रिएल वुल्फ म्हणून संशोधक आहेत, त्यांनी १९९९ मध्ये नवख्या लोकांना पिच शॉट, म्हणजे जवळनं उंच उडवायचा फटका, शिकवून बघितला, एका गटाला हातांच्या हालचालीकडं लक्ष द्या म्हणून सांगितलं आणि दुसऱ्याला क्लबच्या हालचालीकडं. क्लबवाले जास्त अचूक निघाले. पण २००३ मध्ये दुसऱ्यांनी केलेल्या एका अभ्यासात मुरलेले खेळाडू टार्गेटकडं लक्ष ठेवून चांगले खेळले आणि कच्चे खेळाडू उलट स्विंगकडं लक्ष ठेवून.

आणि माझी मामांबद्दलची तक्रार नेमकी इथंच आहे. एकदम कोरा माणूस आला तरी मामा त्याला निळा गोलच दाखवतात. माझ्यासमोर टिळकवाडीचा एक कॉलेजचा पोरगा आला होता, ग्रिप अशी की क्लब हातात फिरत होता, आणि मामा त्याला म्हणालेत, गोल बघ. अहो गोल बघून काय करणार तो, पट्टा पुली वरच घसरत असेल तर मोटर किती पण चांगली असू दे. शेवटी शेजारच्या मॅटवरच्या काकांनी त्याचे हात धरून लावून दिले तेव्हा कुठं बॉल उडाला. ग्रिप, उभं राहणं आणि नेम लावणं एवढ्या तीन गोष्टी आधी कुणाकडनं तरी नीट करून घ्या, यूट्यूबवरनं केल्या तरी चालतील, त्या हलायच्या आधीच्या गोष्टी आहेत, पाव सेकंदाची भानगड तिथं नाही. कंबर दुखणाऱ्यांनी पण आधी डॉक्टरला विचारा, मामांचं उत्तर तिथं पण पोतंच असणार.

पण ज्याला थोडंफार मारता येतं आणि ज्याच्या डोक्यात सूचनांचा कचरा झालाय त्याला या माणसाइतकं चांगलं शिकवणारं मला तरी भागात दिसलं नाही. त्यांचं अजून एक मला लई आवडलं. शॉट मारल्यावर वर बघायच्या आधी सांगायचं, बॉल कुठं गेला, पोत्याच्या उजवीकडं का डावीकडं. सुरुवातीला सगळं चुकतं. मग हळूहळू हाताला कळायला लागतं की तोंड उघडं होतं, कुणी व्हिडिओ न दाखवता. त्यानंतरची दुरुस्ती पण मामा कोपरानं करत नाहीत, टार्गेट हलवतात. माझा बॉल उजवीकडं जात होता तर म्हणाले, आता पोतं सोड, डावीकडच्या टायरच्या भोकातनं घाल. चार-पाच बॉल टायरकडं, मग परत पोतं. स्लाइस गेला म्हणत नाही मी, सीमाप्रश्नाच्या आधी सुटला तरी खूप झालं, पण आता बॉल भातापर्यंत जात नाही, अलीकडंच थांबतो.

पुटिंग, म्हणजे बॉल घरंगळत होलात घालणं, ते पण तसंच. होल सव्वाचार इंचाचं असतं, मामा त्याच्या मागच्या कडेचं एक गवत दाखवतात, आणि जवळचा पुट असेल तर बॉलकडं न बघता होलकडं बघून मारायला लावतात. अमेरिकेचा गोल्फर जॉर्डन स्पीथ स्पर्धेत असं करायचा, त्यामुळं हसू नका. मला जमलं. पुट लांबचा झाला की मात्र माझा अंदाज पार बोंबलतो, तिथं मी गपचूप बॉलकडं बघतो.

बाकी सोयींच्या नावानं शिमगा. दोन मॅट पार झिजल्यात, खालचं सिमेंट लागतं आणि मनगटाला झटका बसतो, कोपऱ्यातली मॅट धरा. बॉल जुने, काहींवरचे खड्डे गुळगुळीत झालेत, असला बॉल लांब जात नाही, त्यावरनं आपला स्विंग बिघडला म्हणून घाबरू नका. बायकांसाठी वेगळं टॉयलेट नाही, माझ्या बहिणीला यायचं होतं, ती याच कारणानं आली नाही, आणि हे मामांना सांगितलं तर नुसतं "करूया की" म्हणतात. तासाला ६०० रुपये, बॉल त्यातच. चहा शेजारच्या टपरीवर, चहा चांगला आहे.

जून ते सप्टेंबर जाऊच नका. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, त्या आतल्या रस्त्यावर तांबडा चिखल होतो आणि गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवायला लागतो. दसऱ्यानंतर जावा, सकाळी आठच्या आत, नंतर ऊन समोरनं येतं आणि पोतं दिसत नाही. आदल्या दिवशी फोन करून जावा, मामा फोन उचलत नाहीत, मिस कॉल बघून स्वतः करतात.